टाइम मॅनेजमेंटच्या सरांना अनावृत पत्र

आदरणीय सर,



आमच्या कंपनीत येऊन आपण ‘वेळ आपल्या मुठीत’ हे दिवसभराचं शिबिर घेतलंत, त्याबद्दल अकाउंट्स खात्यातर्फे आभार मानायचे राहून गेले होते. शिबिर आपण नेमकं २० तारखेला ठेवलंत. २० तारीख म्हणजे जीएसटीआर-३बी भरायचा शेवटचा दिवस. चुकला तर दिवसाला पन्नास रुपये विलंब शुल्क आणि थकलेल्या करावर वर्षाला अठरा टक्के व्याज. त्यामुळे आम्ही अकाउंट्सवाले शेवटच्या रांगेत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसलो होतो. आपण मंचावरून आमच्याकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, “बघा, ही मंडळी शरीराने इथे आहेत, मनाने नाहीत.” टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. पोर्टल तेवढ्यात गोल गोल फिरत होतं, हात रिकामेच होते.

सुरुवात आपण पहाटे पाचपासून केलीत. रॉबिन शर्मांचं २०१८ सालचं पुस्तक उंच धरून सांगितलंत, की पाच ते सहा हा विजयाचा तास. वीस मिनिटं घाम गाळायचा, वीस मिनिटं चिंतन करायचं, वीस मिनिटं नवं शिकायचं. पुढच्या रांगांत लोक भराभर लिहून घेत होते. मागे आमच्याकडे खसखस पिकली, ती आपला अनादर करायला नव्हे. सर, या पहाटे पाचच्या क्लबात आम्ही फार आधीपासून आहोत, तेही वर्गणी न भरता. पाचला पाणी येतं. पहिली वीस मिनिटं पिंप, बादल्या, कळशा, घाम आलाच. पुढची वीस चिंतनाची: डब्याला गवार की भेंडी? गवार केली तर धाकटा डबा तसाच परत आणतो, भेंडी केली तर सासूबाई नुसत्या ताटाकडे बघत बसतात. शेवटची वीस मिनिटं वाचन. वर्गात उद्या, म्हणजे आज, कार्डबोर्डचं घर करून आणायचं आहे ही बाईंची सूचना मुलाने आदल्या रात्री दाखवायची, ती आत्ता दाखवलेली असते.

केंद्राच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०२४ साली देशभर एक पाहणी केली. लोकांचे चोवीस तास कुठे जातात, याची. घरची बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं गेली. पुरुषांची ८८. आधीच्या, २०१९ सालच्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं वाचली, आणि त्या आनंदात पुरुषांनीही आपली नऊ वाचवून घेतली. हा तक्ता आपल्या स्लाइडमध्ये नव्हता. बरोबरच आहे, त्यात प्रेरणादायी काही नाही.

मी पडले अकाउंट्सची, बेरीज केल्याशिवाय चैन पडत नाही. कायद्याने ऑफिसचे आठवड्याला ४८ तास. २८९ गुणिले सात म्हणजे जवळजवळ ३४ तास. डोंबिवली ते मुंबई जाऊन-येऊन रोजचे अडीच तास, सहा दिवसांचे १५. झाले ९७. नारायण मूर्तींनी २०२३ साली देशाच्या तरुणांकडे आठवड्याला ७० तास मागितले. लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांची ९० तासांची इच्छा २०२५च्या जानेवारीत साऱ्या देशाने ऐकली. आपली त्यांच्यापर्यंत ओळख असेल तर कृपया कळवा, की ही शर्यत सेंट्रल लाइनच्या लेडीज डब्याने केव्हाच जिंकली आहे. बक्षीस समारंभ रविवारी ठेवू नये, त्या दिवशी मेगाब्लॉक असतो.

प्रवासाचा वेळ वाया घालवू नका, पॉडकास्ट ऐका, असंही आपण म्हणालात. सूचना उत्तम. फक्त सकाळच्या फास्टमध्ये इयरफोन कानात घालायला एक हात वर न्यावा लागतो, आणि एकदा वर गेलेला हात घाटकोपरच्या आधी खाली आणायला जागा मिळत नाही. आपल्या कारमध्ये तसं होत नसावं.

मग डबेवाल्यांची स्लाइड आली. ती येणारच होती. कॉर्पोरेट शिबिरात गणपतीच्या फोटोच्या खालोखाल मान त्यांचाच. महादू हावजी बच्चे यांनी १८९० साली सुरू केलेलं काम, पांढरी टोपी, लाखात एखादी चूक, हार्वर्डच्या प्राध्यापकांनी २०१० साली लिहिलेली केस स्टडी. “शिक्षण कमी, पण वेळेचं भान बघा!” असं म्हणून आपण आमच्या पदव्यांकडे करुणेने पाहिलंत.

आता या स्लाइडवर थोडं थांबते, कारण आपल्या अख्ख्या शिबिरात कामाची गोष्ट हीच होती आणि आपण ती उलटी सांगितलीत. डबेवाल्याचा डबा वेळेवर पोचतो, तो पहाटे उठून ध्यान करतो म्हणून नव्हे. सकाळी डबा उचलल्यापासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याच्याकडे एकच काम असतं, आणि त्या कामात कुणी नाक खुपसत नाही. झाकणावरचा रंग आणि अक्षरं बघून तो डबे लावत असताना त्याला कुणी हाक मारून सांगत नाही, की “अरे, ग्रँट रोडच्या डब्यांचं स्टेटस एका शीटमध्ये टाकून पाठव ना, वरून मागितलंय.” दादरच्या फलाटावर त्याला उभ्या-उभ्या मीटिंगला बोलावत नाहीत. डबे हातगाडीवर चढवताना, गेल्या तिमाहीत किती डबे चढवले याचं प्रेझेंटेशन करायला लावत नाहीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एखाद्या घरी पुन्हा पुन्हा डबा तयार नसेल तर डबेवाले ते गिऱ्हाईकच सोडून देतात. त्यांच्या वक्तशीरपणाचा पाया तो आहे. ही सवलत आम्हाला मिळणार असेल तर उद्यापासून मीही लाखात एकच चूक करायला तयार आहे. सेल्सवाल्यांची खर्चाची बिलं महिनोन्महिने येत नाहीत. ते गिऱ्हाईक मी कुठे सोडू?

आणि तो डबा भरतं कोण, हे त्या स्लाइडवर नाही. डबेवाला दारात यायच्या आत पोळी-भाजी झाकणाखाली गेलेली असते. तिथपर्यंतची कहाणी हार्वर्डला मोजता आली नसावी.

जेवणानंतर आपण फळ्यावर चार चौकटी काढल्यात: तातडीचं आणि महत्त्वाचं, महत्त्वाचं पण तातडीचं नाही, तातडीचं पण महत्त्वाचं नाही, आणि दोन्ही नाही. ही आयझेनहॉवरची चौकट, असं आपण सांगितलंत. सर, त्या बिचाऱ्याने चौकट काढली नव्हती. तातडी आणि महत्त्व यांतला फरक त्याने १९५४च्या एका भाषणात सांगितला, तोही एका कॉलेजच्या माजी अध्यक्षांचं म्हणणं म्हणून. चौकटी घरोघरी पोचवल्या त्या स्टीफन कोव्हींच्या १९८९च्या पुस्तकाने. ते असो. पण आयझेनहॉवरच्या दाराशी शर्मन अ‍ॅडम्स नावाचा गृहस्थ बसलेला असे. त्याच्या शेऱ्याशिवाय कागद किंवा माणूस राष्ट्राध्यक्षांपर्यंत सहसा पोचत नसे. (पुढे एका उद्योगपतीकडून भेट घेतलेल्या उंची लोकरीच्या कोटापायी १९५८ साली त्याला जावं लागलं, पण तोपर्यंत त्याने दार चोख सांभाळलं.) असा माणूस दाराशी बसवला तर मी चार काय, चाळीस चौकटी सांभाळीन. माझ्या क्युबिकलला दारच नाही.

तिसऱ्या चौकटीत आपण लिहिलंत, “दुसऱ्यावर सोपवा.” समोरचे सगळे मॅनेजर माना डोलावत होते. त्यांच्या माना डोलताना पाहून मला पहिल्यांदा उलगडा झाला, की माझ्या साहेबांच्या तिसऱ्या चौकटीचं नाव मी आहे. त्यांना जे महत्त्वाचं वाटत नाही पण लगेच व्हायला हवं असतं, ते सगळं माझ्याकडे येतं, आणि माझ्याकडे येताना त्याचं नाव ‘अर्जंट’ होतं. मी ते कुणावर सोपवू? टॅलीवर?

टोमॅटोचंही सांगितलंत. फ्रान्चेस्को चिरिलो हा इटालियन विद्यार्थी, ऐंशीच्या दशकाची अखेर, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर, पंचवीस मिनिटं सलग काम. त्याच्याच पद्धतीचा एक नियम आपण गाळलात: पंचवीस मिनिटं मधे तुटली तर तो टोमॅटो धरायचा नाही, पहिल्यापासून सुरू करायचं. या हिशेबाने आमच्या मजल्यावर टोमॅटो पिकतच नाही.

का पिकत नाही, ते सांगते. ३बी भरण्याआधी २बी जुळवावं लागतं. म्हणजे सप्लायरने सरकारकडे दाखवलेली बिलं आणि आमच्या पुस्तकातली बिलं समोरासमोर धरून फरक शोधायचा. समजा, एका सप्लायरच्या खात्यात करामध्ये १९,८०० रुपयांचा फरक आला. हा अठरा टक्क्यांचा कर असेल, तर कुठेतरी एक लाख दहा हजारांचं बिल दोनदा चढलंय, नाहीतर त्याने दाखवलेलंच नाही. पण एवढ्या रकमेचं एकही बिल यादीत नाही. मग दोन बिलांची बेरीज असेल का? तीन बिलांची? एखादं मागच्या महिन्यातलं? एक क्रेडिट नोटही दिसतेय, ती वजा केली तर? सहा-सात आकडे डोक्यात तोलून धरलेले असतात, आणि सातवा बसणार एवढ्यात खांद्याशी आवाज येतो: “ताई, दोन मिनिटं आहेत का?” विणताना सुईवरून टाके घसरावेत तसे सगळे आकडे घसरतात. त्याला हवं असतं काय, तर त्याचा प्रवासभत्ता कधी जमा होणार. ते सांगायला खरंच दोन मिनिटं लागत नाहीत, वीस सेकंद लागतात. पण मी परत स्क्रीनकडे बघते तेव्हा १९,८०० हा फक्त एक आकडा उरलेला असतो. सोफी लरॉय या संशोधक बाईंनी २००९ साली हेच प्रयोगांनी दाखवलं: अर्धवट सोडलेल्या कामात मनाचा एक भाग अडकून राहतो, आणि हातातल्या दुसऱ्या कामाला माणूस पुरा पडत नाही. त्यामुळे प्रवासभत्त्याचं उत्तर देतानाही मी त्याला मागच्या महिन्याची तारीख सांगितलेली असते, आणि तो ती नीट करून घ्यायला पुन्हा येतो. अर्थात दोनच मिनिटांसाठी.

आपण मात्र शिबिरात संशोधक ग्लोरिया मार्क यांची स्लाइड लावलीत. स्क्रीनवरच्या एका गोष्टीवर माणसाचं लक्ष २००४ साली सरासरी अडीच मिनिटं टिकत होतं, अलीकडे ४७ सेकंद. सभागृहात ‘अरे बापरे’ झालं. मग आपण सगळ्यांना मोबाइल काढून सेल्फी कॅमेरा उघडायला सांगितलंत. “हा पाहा तुमचा गुन्हेगार!” कल्पना झकास होती. फक्त मोबाइल हातात आलाच होता म्हणून सगळ्यांनी ग्रुपवर काय आलंय तेही पाहून घेतलं, आणि तिथे साहेबांचा मेसेज होता: “कुणी जरा केबिनमध्ये येता का?”

हो, साहेब केबिनमध्ये होते. उद्घाटनाला दहा मिनिटं आले, वेळेचं महत्त्व सांगितलं, आणि मीटिंग आहे म्हणून गेले. आपणही त्यांना अडवलं नाहीत. बिल तेच मंजूर करणार होते.

त्या गुन्हेगाराबद्दल थोडं अजून. माणूस निम्म्याच्या आसपास वेळा स्वतःच स्वतःचं काम मोडतो, हे आपण ग्लोरिया मार्क यांच्या नावावर सांगितलंत आणि ते खरं आहे. पण त्याच बाईंनी दोन सहकाऱ्यांबरोबर २०११ साली आणखी एक गोष्ट मांडली होती. ज्या तासात बाहेरच्यांनी जास्त वेळा उठवलं, त्याच्या पुढच्या तासात माणसं आपण होऊन जास्त वेळा काम सोडत होती. म्हणजे तासभर इतरांनी टोचलं, की पुढच्या तासाला माणूस टोचून घ्यायची वाट न बघता स्वतःलाच टोचू लागतो. ही स्लाइड आपण घेतली नाहीत. वेळेअभावी राहिली असेल.

सर, मला वाटतं आपला सगळा धंदा या एका वगळलेल्या स्लाइडवर उभा आहे. ऑफिसने लक्ष मोडायचं, मोडल्याचा दोष मोडलेल्या माणसाच्या चारित्र्यात शोधायचा, आणि तो दुरुस्त करायला आपल्याला बोलवायचं. यात कुणालाच काही बदलावं लागत नाही. ग्रुप तसाच राहतो, रात्री साडेदहाचा ‘सकाळी पहिलं हे बघा’ तसाच राहतो, संध्याकाळी सहाला लागणारी मीटिंग तशीच राहते, आणि दर कर्मचाऱ्याला एक डायरी आणि एक स्मार्टवॉच मिळतं. १९११ साली अमेरिकेतल्या वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात फ्रेडरिक टेलरच्या पद्धतीने कामगारांवर स्टॉपवॉच लावलं, तर साच्याचं काम करणारे सरळ संपावर गेले. प्रकरण अमेरिकन काँग्रेसपर्यंत पोचलं आणि पुढे काही वर्षांत सरकारी शस्त्रागारांतून ते स्टॉपवॉच हद्दपार झालं. आम्ही ते मनगटावर बांधून आपल्याबरोबर ग्रुप फोटो काढला.

याउलट सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात कुणी प्रशिक्षक गेला नव्हता. कोरोनाच्या काळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाइल आले आणि शाळा उघडल्या तरी सुटेनात. २०२२ साली गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला भोंगा वाजेल, दीड तास घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद. मुलं अभ्यासाला, मोठी माणसं गप्पांना किंवा वाचनाला. त्या गावात कुणाला सेल्फी कॅमेऱ्यात गुन्हेगार दाखवावा लागला नाही. बंद करायचं ते सगळ्यांनी एकाच वेळी बंद करायचं, एवढी अक्कल त्यांच्याकडे होती. माझा मोबाइल मी एकटीने बंद केला तर मी ‘रिस्पॉन्सिव्ह नाही’. साऱ्या गावाने केला तर ती शिस्त. आमच्या मजल्यावर दहा ते बारा असा भोंगा वाजवून बघायला काय हरकत आहे, असं मी प्रश्नोत्तरांत विचारलं होतं. आपण म्हणालात, “ताई, भोंगा आतून वाजायला हवा.” पुन्हा टाळ्या.

कायद्याकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही, तेही मला कळतं. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्समध्ये २०१७पासून आहे, ऑस्ट्रेलियात २०२४च्या ऑगस्टपासून. आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी तशा अर्थाचं खासगी विधेयक २०१८ साली आणलं, २०२५च्या डिसेंबरात पुन्हा आणलं. खासगी सदस्याचं विधेयक आपल्या संसदेत शेवटचं मंजूर झालं ते १९७० साली. तेव्हा घाई नाही.

आता थोडं कामाचं.

आपल्या मानधनाचं बिल साहेबांनी माझ्यावर सोपवलं आहे. (तिसरी चौकट.) त्यासाठी आपले फोन येतात, ते नेमके सकाळी अकराच्या सुमारास, २बी जुळवताना. “ताई, दोनच मिनिटं घेतो,” असं आपण म्हणता, आणि मग आपण किती व्यग्र आहात ते सांगता. अशा फोनला नम्रपणे नाही म्हणायचं असतं, हे आपणच शिकवलंत, म्हणून आता लेखी कळवते. बिलावर पर्चेस ऑर्डरचा नंबर नाही. सेवेचा एसएसी कोड नाही. आमच्या जीएसटी क्रमांकातला शेवटचा आकडा चुकला आहे. तसंच भरलं तर ते आमच्या २बीत येणार नाही आणि आपल्याच बिलाचा फरक शोधत मला पुढच्या महिन्यात बसावं लागेल. उद्यम नोंदणीचा दाखला आपण न विसरता जोडलात, ते छान केलंत. पंचेचाळीस दिवसांत पैसे चुकते करायचा नियम मला माहीत आहे. दुरुस्त बिल मेलने पाठवावं. रकमेतून दहा टक्के टीडीएस कापला जाईल. तो का कापला हे विचारायला फोन करू नये.

कळावे,

आपली नम्र,
अकाउंट्स खात्यातली एक

ता. क. : आपला फीडबॅक फॉर्म भरायला घेतला आहे. ‘या शिबिरामुळे तुमचे आठवड्याला किती तास वाचले?’ या रकान्यात वजा आकडा टाकला तर फॉर्म पुढे सरकत नाही. आयटीवाल्यांना सांगितलंय. ते म्हणाले, दोन मिनिटांत बघतो.